माणसाच्या आसनावर माल : एका जागेचा इतिहास

१/
धागा. समाजमाध्यमांवर एक छायाचित्र अधूनमधून फिरत असते. आखाती देशातील एका प्रवासी विमानात आसनांवर रांगेने ससाणे बसलेले दिसतात. पाहणारे हसतात आणि पुढे जातात. तिकडच्या काही विमान कंपन्या ससाण्याला प्रवासी कक्षात रीतसर प्रवेश देतात, आणि संयुक्त अरब अमिरातीत ससाण्यांसाठी स्वतंत्र पासपोर्टही निघतात. परंतु माणसासाठी केलेल्या आसनावर माणसाखेरीज कोण बसले, याचा इतिहास केवळ गमतीचा नाही. त्याचा एक मोठा अध्याय तळेगाव दाभाडे आणि त्याच्या आसपासच्या पट्ट्याला चिकटलेला आहे. त्या अध्यायाची कागदपत्रे आज नष्ट होत आहेत.

२/
तळेगाव म्हटले की इतिहासप्रेमींना सेनापती दाभाडे आठवतात. खंडेराव, १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत पडलेले त्र्यंबकराव आणि त्यांच्यानंतर घराण्याचा कारभार सांभाळणाऱ्या उमाबाई आठवतात. तलवार, शिक्का, समाधी यांची छायाचित्रे निघतात, त्यांवर वाद झडतात. हे सारे हवेच. पण याच गावाने मालवाहतुकीच्या इतिहासातील एक मोठा धडाही पाहिला आहे. त्याकडे मात्र सहसा कोणी त्या दृष्टीने पाहत नाही.

३/
जानेवारी १७७९. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईहून निघालेली कंपनीची फौज बोरघाट चढून ९ जानेवारीला तळेगावी पोहोचली. सोबत सामान वाहणारे हजारो बैल होते. त्या लटांबरामुळे फौजेची चाल गोगलगाईची झाली होती. मराठ्यांनी वाटेतला दाणावैरणीचा आधार काढून घेतला. ११ जानेवारीच्या रात्री फौज मागे फिरली, तेव्हा जड तोफा तळ्यात ढकलल्या गेल्या आणि साठ्याला आग लावली गेली. पुढे वडगावला कोंडी झाली आणि १६ जानेवारीला तह झाला.

४/
या पराभवाची चर्चा महादजी शिंद्यांच्या डावपेचांच्या अंगाने होते, आणि ती योग्यच आहे. पण तेवढेच एक दुसरे सत्यही त्यात आहे. काय वाहायचे, काय टाकायचे आणि कशाला आधी जागा द्यायची, या निर्णयांनी ती मोहीम बुडवली. तळ्यात गेलेल्या तोफा म्हणजे सोडून दिलेला माल होता. इतिहासात मालाचा निर्णय हा नेहमी माणसांविषयीचाही निर्णय असतो. हे सूत्र हाती धरून आता विमानाकडे वळू या.

५/
जगातील पहिली हवाई मालवाहतूक कोठे झाली? अमेरिकेत, ७ नोव्हेंबर १९१० रोजी. फिलिप पार्मली या वैमानिकाने राइट बंधूंच्या विमानातून डेटन ते कोलंबस असे सुमारे १०० किलोमीटर अंतर कापले. माल होता रेशमी कापड, सुमारे ९० किलो. मागवणारा होता एक कापडदुकानदार. विमानाला मालखाना नव्हताच. वैमानिकाशेजारी प्रवाशाची एकच जागा होती. गठ्ठे तेथेच बांधले गेले. दुकानदाराने पुढे त्याच रेशमाचे लहान तुकडे आठवण म्हणून विकले.

६/
म्हणजे हवाई मालवाहतुकीचा जन्मच मुळी प्रवाशाच्या आसनावर झाला. 'आसनावर माल' हा अपवाद आणि 'पोटात माल' हा नियम, ही समजूत नंतरची आहे. आरंभी विमानाला वेगळे पोट नव्हते. जी जागा होती ती एकच, आणि त्या जागेवर माणूस बसेल की वस्तू, हे दर उड्डाणाला ठरवावे लागे.

७/
भारताचे उदाहरण त्याहून बोलके आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सहा हजारांहून अधिक पत्रे विमानातून पोहोचवली. उड्डाण अवघे १३ मिनिटांचे होते. जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल म्हणून ते ओळखले जाते. या देशात विमानाने रीतसर प्रवास केला तो आधी पत्रांनी. प्रवाशांची पाळी पुष्कळ नंतर आली.

८/
१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. विमान होते पस मॉथ, लहानशा बंदिस्त कक्षाचे. त्यात एक वैमानिक आणि सुमारे २५ किलो टपाल होते. प्रवासी एकही नव्हता. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले, असे त्या दिवसाविषयी सांगतात. टपाल पुढे नेव्हिल व्हिंटसेंट यांनी बल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय नागरी हवाई वाहतुकीचा जो आरंभदिन मानला जातो, त्या दिवशी विमानात प्रवासी म्हणावे अशी फक्त पत्रे होती.

९/
तिकडे अमेरिकेत मे १९२६ मध्ये वेस्टर्न एअर एक्स्प्रेस या टपाल वाहणाऱ्या कंपनीने प्रथमच दोन प्रवासी घेतले. सॉल्ट लेक सिटी ते लॉस एंजेलिस हा प्रवास त्यांनी टपालाच्या पोत्यांवर बसून केला. टाटांच्या सेवेने १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात १५५ प्रवासी आणि १० टनांहून अधिक टपाल वाहिले. सेवेचा आर्थिक कणा टपाल हाच होता. माणूस तेव्हा मालाच्या सवलतीवर प्रवास करत होता. आज हे नाते उलटे भासते. प्रत्यक्षात ते पुरते उलटलेले नाही.

१०/
येथे थोडे यंत्रशास्त्र पाहावे लागेल. प्रवासी विमानात पायाखालच्या फळीखाली मालाचा कप्पा असतो. प्रवाशांचे सामान ठेवून उरलेली जागा व्यापारी मालाला विकली जाते. २०२० पूर्वी जगातील एकूण हवाई मालापैकी सुमारे निम्मा माल असा प्रवाशांच्या पायाखालून जात असे. म्हणजे मुंबईहून युरोपला निघालेला प्रवासी खिडकीतून ढग पाहत असतो, तेव्हा त्याच्या खाली औषधे, यंत्रांचे सुटे भाग, आंबे किंवा गुलाब असतात. प्रवासी आपल्या तिकिटाने त्या गुलाबाचा प्रवास स्वस्त करतो, आणि गुलाबही त्याच्या तिकिटाला हातभार लावतो.

११/
तो गुलाब कदाचित तळेगावचा असतो. औद्योगिक विकास महामंडळाने येथे खास फुलशेतीसाठी वसाहत उभारली. मावळची समशीतोष्ण हवा, पाण्याची उपलब्धता आणि मुंबईच्या विमानतळाकडे जाणारा सरळ रस्ता, ही त्यामागची तीन कारणे. हरितगृहांतील गुलाब, काढणीनंतर तो टिकवण्याचे तंत्र शिकवणाऱ्या संस्था आणि शीतगृहे यांचे जाळे या परिसरात तयार झाले. दाभाड्यांच्या तळेगावची आधुनिक ओळख या फुलांनी घडवली आहे.

१२/
या शेतीचे पंचांग वेगळे आहे. १४ फेब्रुवारीला परदेशी बाजारात फूल उमललेले हवे, म्हणून डिसेंबरात झाडांची छाटणी आणि फांद्या वाकवण्याचे काम होते. साधारण दीड महिन्यात कळ्या येतात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून निर्यातीची तोडणी सुरू होते. लांब दांड्याच्या लाल फुलाला, विशेषतः 'टॉप सीक्रेट' या वाणाला, मागणी असते. तोडलेले फूल पाण्यात, मग शीतगृहात, मग खोक्यात आणि शीतवाहनातून मुंबईला. त्यानंतर विमानाचे पोट. या साखळीत एक दिवस चुकला की माल कवडीमोल होतो.

१३/
मार्च २०२०. भारतात येणारी आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने २२ मार्चनंतर थांबली. २५ मार्चपासून देशांतर्गत विमानेही थांबली आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. बातम्यांत अडकलेल्या प्रवाशांचा उल्लेख होत राहिला. पण प्रवासी विमान थांबले म्हणजे त्याचे पोटही थांबले. जगाच्या हवाई मालवाहतुकीची जवळजवळ निम्मी जागा काही दिवसांत नाहीशी झाली, आणि तीही नेमकी मुखपट्ट्या, औषधे आणि चाचणी संच यांची सर्वाधिक गरज असताना.

१४/
मावळात त्या दिवसांत काय घडले? बाजार बंद झाला म्हणून गुलाबाचे झाड थांबत नाही. फूल रोज येते. ते तोडले नाही तर रोग पडतो आणि झाड हातचे जाते. म्हणून फुले रोज तोडायची आणि रोज टाकून द्यायची, असा उफराटा दिनक्रम सुरू झाला. लग्नसराई रद्द झाली, देवळे बंद झाली, विमाने उभी राहिली. एकेकाळी तळ्यात तोफा टाकलेल्या या परिसराने आता खड्ड्यात फुले टाकलेली पाहिली.

१५/
याच सुमारास विमान कंपन्यांना एक जुनी युक्ती नव्याने सुचली. पोट पुरत नसेल तर आसने आहेतच. ७ एप्रिल २०२० रोजी स्पाइसजेटच्या एका बोइंग ७३७ विमानाने दिल्लीहून चेन्नईला सुमारे ११ टन जीवनावश्यक माल नेला. त्यातील काही पोटात होता, काही थेट प्रवाशांच्या आसनांवर. भारतातील हे अशा प्रकारचे पहिले उड्डाण म्हणून नोंदले गेले. पुढे इतर कंपन्यांनीही तो मार्ग धरला. युरोपात काही विमानांची आसनेच उपटून काढली गेली. १९१० मधले रेशमाचे गठ्ठे ११० वर्षांनी परतले, या वेळी त्यांच्या जागी औषधांची खोकी होती.

१६/
हे काम दिसते तितके सोपे नव्हते. मालखान्याचे दार रुंद असते, तेथे यंत्राने माल चढतो. प्रवासी दारातून मात्र एकेक खोके माणसाच्या हातून हाती न्यावे लागते. विमानाचे आसन १७० पौंड, म्हणजे सुमारे ७७ किलो वजनाच्या माणसाचा हिशेब धरून तपासलेले असते. मालही त्या मर्यादेत बसवावा लागतो. खोकी हलू नयेत म्हणून जाळ्या आणि पट्टे बांधावे लागतात, आसनांवर आग न धरणारे आच्छादन घालावे लागते. मुखपट्ट्या आणि संरक्षक पोशाख या कामाला सोयीचे ठरले, कारण ते आकाराने मोठे पण वजनाने हलके असतात.

१७/
सर्वांत मोठी धास्ती आगीची होती. मालखान्यात धूर ओळखणारी आणि आग दाबणारी यंत्रणा असते. प्रवासी कक्षात ती तशी नसते, कारण तेथे धूर दिसला तर माणूस ओरडतो. आसनावरचे खोके ओरडत नाही. म्हणून अशा उड्डाणांत पहाऱ्याला प्रशिक्षित कर्मचारी ठेवावे लागले आणि प्रवाशांना सोबत नेण्यास मनाई झाली. ही तात्पुरती सवलतच होती. युरोपच्या नियामक संस्थेने ती जुलै २०२२ च्या अखेरीस संपवली. माणसाच्या जागी माल बसवला तरी माणसाचे लक्ष त्यावर ठेवावेच लागले, ही यातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट.

१८/
येथवरचा इतिहास कौतुकाचा आहे. आता त्याची दुसरी बाजू. टाळेबंदीचा पहिला दिवस २५ मार्च धरला, तर मालाला विमानाचे आसन मिळाले ते चौदाव्या दिवशी. परप्रांतीय मजुरांसाठी पहिली श्रमिक विशेष रेल्वे धावली ती १ मे रोजी, म्हणजे अडतिसाव्या दिवशी. या दोन तारखांच्या मध्ये चाकण, पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव या पट्ट्यातील कारखाने बंद होते, खोल्यांची भाडी थकत होती आणि महामार्गांवर डोक्यावर बोचके घेतलेली माणसे चालत होती.

१९/
८ मे रोजी पहाटे औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्याहून भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते, पुढे गाडी मिळेल या आशेने. गाड्या बंद आहेत, असा समज त्या काळी सर्वत्र होता. प्रवासी गाड्या बंद होत्या हे खरे. मालगाड्या मात्र धावत होत्या. त्या वर्षीच्या साऱ्या व्यवस्थेचे सार या एका वाक्यात सामावले आहे.

२०/
यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो बिनमहत्त्वाचा नाही. माल खोकत नाही. माल संसर्ग गावोगावी नेत नाही. औषधांची खोकी हलवणे आणि लाखो माणसे हलवणे, या दोन गोष्टींची तुलनाच अन्यायाची आहे. आक्षेपातले पहिले विधान खरे आहे. औषधांना आसन देण्याचा निर्णय योग्यच होता, आणि गुलाबांना ते मिळाले नाही हेही योग्यच. पण चालत निघालेली माणसे हललीच होती. व्यवस्थेने त्यांना हलवले नाही, एवढाच फरक. संसर्गाची भीती त्यांच्या पायांना थांबवू शकली नाही. तिने फक्त वाहन रोखले.

२१/
म्हणून प्रश्न औषध आधी की मजूर आधी असा नाही. प्रश्न कल्पकतेचा आहे. मालासाठी दोन आठवड्यांत नियम शिथिल झाले, आच्छादने मिळाली, वजनाची कोष्टके बदलली, पहारा ठरला. माणसांसाठी तपासणी, अंतर राखून आसनव्यवस्था आणि ठरावीक गाड्या हे सारे तितक्याच तत्परतेने आखता आले असते. ते जमले, हे मे महिन्यात सिद्धच झाले. जे अडतिसाव्या दिवशी शक्य ठरले ते विसाव्या दिवशी अशक्य होते, असे म्हणायला आधार नाही.

२२/
या इतिहासात एक उजेडाची तारीखही आहे. २८ मे २०२०, टाळेबंदीचा पासष्टावा दिवस. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून एक संपूर्ण विमान ठरवले. मुंबईत अडकलेले झारखंडचे १७० हून अधिक मजूर त्या विमानाने रांचीला पोहोचले. काही आठवड्यांपूर्वी ज्या प्रकारच्या आसनांवर खोकी बांधली जात होती, तशाच आसनांवर आता ते मजूर बसले होते. ७७ किलोंचा तो हिशेब ज्या देहासाठी केला होता, तो देह अखेर जागेवर आला.

२३/
याच पट्ट्यातून त्या वर्षी आणखी एक प्रवास झाला. तळेगावाहून जवळच असलेल्या देहूची आणि आळंदीची पालखी जूनमध्ये प्रस्थान ठेवून मंदिरातच थांबली. मे महिन्याच्या अखेरीस झालेल्या शासकीय बैठकीत पादुका हेलिकॉप्टरने, विमानाने किंवा बसने पंढरीला नेण्याचे पर्याय मांडले गेले. अखेर ३० जूनला, अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी, सजवलेल्या एसटी बसने मोजक्या वारकऱ्यांसह पादुका निघाल्या. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती. शतकानुशतके पायी चालणाऱ्या परंपरेने वाहनातले आसन स्वीकारले.

२४/
आसन या शब्दाचे वजन येथे जाणवते. मराठीत आसन देणे म्हणजे मान देणे. भरताने सिंहासनावर पादुका ठेवल्या, ही कथा प्रत्येकाला ठाऊक आहे. रिकाम्या जागेवर काय ठेवले यावरून ठेवणाऱ्याची निष्ठा कळते, असा तिचा अर्थ. मिरजेची तंबोऱ्यासारखी नाजूक वाद्ये घेऊन परदेशी जाणाऱ्या कलावंतांपुढेही हाच पेच असतो. भोपळा मालखान्यात फुटू शकतो, म्हणून वाद्यासाठी दुसरे तिकीट काढण्याची सोय विमान कंपन्या देतात. ज्या वस्तूला आसन मिळते, ती वस्तू वाट पाहू शकत नाही किंवा धक्का सोसू शकत नाही, असे समाजाने मान्य केलेले असते. २०२० मध्ये मजुरांविषयी हे मान्य व्हायला फार उशीर झाला.

२५/
अध्यायाचा शेवटचा प्रसंगही पुण्याचा आहे. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्ड लशीचे पहिले ट्रक पुणे विमानतळाकडे निघाले. त्या दिवशी चार कंपन्यांच्या नऊ विमानांनी ५६.५ लाख मात्रा १३ शहरांत पोहोचवल्या. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाले. प्रवासी कंपन्यांच्या विमानांनी वाहिलेला हा कदाचित या भूमीतला सर्वाधिक मोलाचा माल. तो वेळेवर पोहोचला, कारण मधल्या नऊ महिन्यांत माल कसा हलवायचा हे देश शिकला होता. माणसे कशी हलवायची हे शिकला का, याचे उत्तर पुढच्या संकटात मिळेल.

२६/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांसाठी यात एक काम आहे. १७७९ ची मोहीम आज सांगता येते, कारण कोणीतरी बैल मोजले होते, मुक्कामांच्या तारखा लिहिल्या होत्या आणि तळ्यात गेलेल्या तोफांची नोंद ठेवली होती. २०२० च्या नोंदी कोठे आहेत? फुलशेतकऱ्याच्या तोडणीच्या वहीत. शीतवाहन चालकाच्या प्रवास परवान्यात. खोक्यांवरच्या चिकटपत्रांत, वजनकाट्याच्या पावत्यांत, निघून गेलेल्या भाडेकरूंच्या खोलीमालकाकडच्या हिशेबात. यांतील एकही वस्तू संग्रहालयात ठेवण्याजोगी कोणाला वाटत नाही.

२७/
शस्त्र पोलादाचे असते, ते तीनशे वर्षे टिकते. २०२० चे पुष्कळसे कागद उष्णतेने छापणाऱ्या यंत्रांतून निघाले आहेत. अशा पावतीवरची अक्षरे काही वर्षांत फिकट होतात आणि मग कागद कोरा राहतो. मोबाइलवर आलेले परवाने जुन्या फोनबरोबर भंगारात जातात. दाभाड्यांची कागदपत्रे धुंडाळायला जे उत्साहाने जातात, त्यांनी त्याच फेरीत एखाद्या हरितगृहाच्या कार्यालयात, एखाद्या वाहतूकदाराच्या टपरीत आणि चाकणच्या एखाद्या चाळीतही डोकावावे. मालकाची परवानगी घ्यावी, पावतीचे छायाचित्र काढावे, मागे तारीख आणि ठिकाण लिहावे, सांगणाऱ्याची आठवण त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावी. काही पावत्यांवरची शाई अजून वाचता येते. धागा समाप्त.